स्क्रूवरचं नेलपॉलिश

कल्याण पूर्वेला जळलेल्या विजेच्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देणाऱ्या एक मावशी आहेत. आधी त्यांचं सांगतो, मग माझं. माझं आधी सांगितलं तर वाटेल, यानं मोठ्या हुशारीनं ड्रिल मशीन निवडलं आणि याचं बस्तान बसलं. तसं झालेलं नाही. मशीन त्यांनी निवडलं, ते जाळलं मी, आणि वर त्यांच्याच दारात जाऊन चार लोकांसमोर त्यांनाच खोटं ठरवलं.

मावशी आगरी. डोंबिवलीजवळच्या गावात त्यांची स्वतःच्या जागेवर चाळ आहे, भाडेकरू आहेत. बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. तरी रोज डबा घेऊन कल्याणला यायच्या आणि एका जिन्याखालच्या जागेत, वार्निशच्या वासात, तारेचे वेढे घालत बसायच्या. लग्नाआधी एमआयडीसीतल्या पंख्यांच्या कारखान्यात वायंडिंगवर होत्या. कारखाना बंद पडला, हातातलं कसब राहिलं. मला मात्र तेव्हा यातही काहीतरी काळंबेरं दिसायचं. चाळीची मालकीण जिन्याखाली का बसेल? काहीतरी असणारच.

मी असाच होतो. थोडा अजून आहे.

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीत सुटली. कोणी सोडवली नाही. एका सकाळी गेलो नाही, आणि मग परत जायची लाज वाटत राहिली. इकडं निघालो तेव्हा आईनं एकच सांगितलेलं, "तिकडं कोणी न मागता पाणी दिलं तरी आधी त्याच्या तोंडाकडं बघ." आईनं सावधपणा सांगितला, मी संशय धरला. खोलीतले दोघं झोपल्याशिवाय मी झोपायचो नाही. ड्रिलचे बिट रोज मोजून ठेवायचो. डोंबिवलीत उतरल्यावर पहिली वस्तू घेतली ती मोजायची टेप, आणि तिच्या टोकाचा अडकवायचा पत्र्याचा आकडा हलत होता. म्हटलं, झालं, आल्या आल्या डुप्लिकेट गळ्यात मारली. हातोडीनं ठोकून आकडा घट्ट केला. पुढं महिनाभर माझी प्रत्येक फळी मिलिमीटरभर चुकायची. शेवटी ज्याच्या हाताखाली फर्निचर बसवायचं काम करत होतो त्या ठेकेदारानं टेप हातात घेतली आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, तो हलायलाच पाहिजे. बाहेरून माप घेताना ओढला जातो, आतून घेताना दाबला जातो. आकड्याच्या जाडीइतकाच हलतो. मापात घोळ नको म्हणून तर तसा केलाय."

हे तेव्हाच डोक्यात शिरलं असतं तर पुढचं टळलं असतं.

त्या ठेकेदाराकडं मी चार वर्षं होतो. मशीनं सगळी त्याची. सकाळी मोजून द्यायचा, संध्याकाळी मोजून घ्यायचा. ठाण्याला एका बाईंच्या घरी आम्ही कपाटं बसवायला गेलेलो. बाई एकट्या राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. माझं काम त्या चष्म्यावरून बघत बसायच्या. ठेकेदाराशी त्यांचं बिनसलं, आणि निघताना त्या मला हळूच म्हणाल्या, "स्वयंपाकघराची वरची कपाटं तू एकटा लावशील का? पण अवजारं तुझी हवीत. त्या माणसाची एक वस्तू या घरात नको."

मी हो म्हणालो. ठेकेदाराला सांगितलं तर तो हसलाच.

"जा ना. पण लावणार कशानं? दातानं? मशीन नसलेला फिटर म्हणजे नुसता हेल्पर. आठ दिवसांत परत येशील. तेव्हा भुसा झाडायला ठेवीन, लक्षात ठेव."

म्हणजे सगळं एका ड्रिल मशीनवर आलं. ते चाललं तर मी माझा. नाही चाललं तर भुसा, आणि तोही त्याच्या हसण्याखाली.

कल्याणच्या बाजारात तीन दिवस फिरलो. एका दुकानदारानं काळ्या पेटीचं झाकण उघडलं. आत ड्रिल, पाने, बिट, स्क्रू, भिंतीत ठोकायच्या गिट्ट्या असं सगळं लग्नातल्या रुखवतासारखं मांडलेलं. हिरवंगार, चकचकीत मशीन.

"घ्या दादा. लाकूड, लोखंड, काँक्रीट, सगळ्याला एकच."

"आतली तार तांब्याची आहे ना?" मी विचारलं. स्वस्त मशीनमध्ये ॲल्युमिनियमची तार घालतात, वरून तांब्याचा नुसता हात फिरवतात, हे मी ऐकून होतो. तसलं मशीन लवकर तापतं आणि जळतं.

"शंभर टक्के तांबं. खोटं निघालं तर दुकान तुमच्या नावावर."

दुकान द्यायला तयार असलेला माणूस बिल मात्र द्यायला तयार नव्हता. मी निघालो. पण निघताना वाटलं, आता हा दुसऱ्याला विकेल आणि ते चांगलं निघेल. संशयी माणसाचं असं असतं. घेतलं तरी झोप नाही, सोडलं तरी नाही.

मग मावशींकडं गेलो. ठेकेदाराची जळलेली मशीनं तिथं पोचवायला मीच जायचो, त्यामुळे ओळख होती.

"काय रं, आज हात रिकामे? शेटच्या मशिनी जलायच्या बंद झाल्या काय?"

"मावशी, मला स्वतःचं ड्रिल घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

"भिंत कंची हाय?"

"ठाण्याची."

त्या इतक्या हसल्या की हातातला वेढा सुटला. "ठान्याची भिंत! अरे, काँक्रीट हाय का ब्लॉक?"

"दोन्ही. मधे कॉलम आहे."

"रोज किती भोकं पाडनार? स्टुलावर उभा राहून का खालून? बिगडली तर कार्बन कुठं भेटनार?"

मी तीन दिवस फक्त रंग, भाव आणि दुकानदारांचे चेहरे बघत होतो.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "दुकानवाल्याकडं नव्या मशिनी दिसतात. माज्याकडं मेलेल्या येतात. आधी मेलेल्या बग."

दुपारपर्यंत बसवून ठेवलं. आधी वाटलं, फुकटचा माणूस मिळाला, आता झाडू मारायला लावतील. पण तेवढ्या वेळात तीन ड्रिल आली, आणि त्यातली दोन हिरवीगार. त्यांनी एकाचं पोट उघडून दाखवलं. तारेवर ब्लेड ओढलं तर आत पांढरं. तिसरं जुनं, जड, चांगल्या बनावटीचं. त्याचा फक्त कार्बन, मोटारीला घासत वीज पोचवणारा तुकडा, झिजलेला. दहा मिनिटांत ते गेलंसुद्धा.

मग त्यांनी फळीवरची तीन-चार मशीनं माझ्या हातात दिली, एकेक. "हात वर कर. आता शंभर मोज. वर कपाट लावतंस ना?" एक साठाला खाली आलं, एक ऐंशीला. शेवटी त्यांनी एक जुनं, रंग उडालेलं मशीन काढलं. शंभर झाले तरी हात टिकला.

"ही घे. गियर चांगले हायेत, कार्बन कुठं पन भेटतो. आतली वायंडिंग माजी, नवीन. काँक्रीट लागला तर दाबू नको, तिला तिचं काम करू दे." झाकणाचे स्क्रू आवळून त्यांनी मागच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका टेकवला.

"हे कशाला?"

"माजी सही. मधे कोनी उघडली तर माना कलतं."

बास. तिथंच किडा वळवळला. उघडलेलं कळावं असं आत आहे तरी काय? बाजारातल्याचं चकचकीत मशीन नको म्हणाल्या आणि स्वतःच्या फळीवरचं जुनं दिलं. सकाळभर बसवून ठेवलं ते यासाठीच, आधी दुसऱ्याचं वाईट दाखवायचं आणि मग आपलं पुढं करायचं. तेव्हा ते मला अगदी पटलं.

दुसऱ्या दिवशी खोलीतले दोघं ड्युटीवर गेल्यावर दाराला कडी घातली आणि मशीन उघडलं. नेलपॉलिश टोकदार खिळ्यानं खरवडून काढलं. आतल्या तारा पांढऱ्या सुतानं घट्ट बांधलेल्या, शेवटची गाठ गजऱ्याला मारतात तशी. मावशींनी दाखवलं होतं तसं ब्लेड घेतलं आणि तार खरवडली. लाल. तांबंच.

इथं थांबायला हवं होतं. पण वाटलं, वरवरची तेवढी तांब्याची असेल. शेजारीच अजून एकदा खरवडलं. लाल.

मग मशीन बंद केलं, आणि प्रश्न उरला ठिपक्याचा. बांगड्यांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोरीनं विचारलं, "कोणासाठी?" मी म्हणालो, "मशीनसाठी." तिनं माझ्याकडं जसं बघितलं तसं मला अजून कोणी बघितलेलं नाही. लालसर दिसली ती बाटली उचलली आणि पळालो. ठिपका लावला. हुबेहूब. निदान माझ्या डोळ्यांना तरी.

ठाण्याला बाईंच्या स्वयंपाकघरात आठ कपाटं जमिनीवर रांगेत ठेवलेली. भिंतीवर रेघ मारली, लेव्हल दोनदा लावली. पहिलं भोक लोण्यासारखं गेलं. तिसरं कॉलममध्ये होतं, तेही गेलं. चौथ्याला मशीन गरम लागलं. सहाव्याला वास आला, आणि मागच्या फटीतून निळसर धूर. मी वायर उपटली.

बाई दारात उभ्या होत्या. "काय झालं?"

"फसवलं मला," मी म्हणालो. "कल्याणच्या त्या मावशीनं. वर तांबं, आत काहीतरी भलतंच भरलंय."

"तू पाहिलंस?"

"नाहीतर दुसरं काय असणार?"

"मी विचारलं, पाहिलंस का?" वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं. "आधी तिला दाखव, मग बोल. आणि हे बघ, रविवारी माझा मुलगा यायचा आहे. तोवर कपाटं वर गेलेली हवीत. नाहीतर तो त्याच ठेकेदाराला बोलावील. त्या माणसावर त्याचा फार विश्वास आहे."

कल्याणपर्यंतच्या वाटेत मी काय काय बोलायचं ते घोकत गेलो. दुकानात मिक्सर घेऊन आलेली एक बाई बसलेली, बाहेर पंपाची मोटार घेऊन दोन माणसं. मला तेच पाहिजे होतं. साक्षीदार.

"मावशी, तांब्याच्या नावाखाली काय भरलंत हो आत? सहा भोकांत जळालं. गरिबाला असं फसवायचं?"

माणसं वळून बघायला लागली. मावशींनी मशीन घेतलं, फडक्यानं पुसलं, चष्मा लावला आणि मागची बाजू उजेडाकडं धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

"पोरा, तुजं लगीन झालंय?"

"नाही. त्याचा इथं काय संबंध?"

"मग हा गुलाबी रंग कोनाचा रं?"

मिक्सरवाली बाई फिसकन हसली. मावशींनी ड्रॉवरमधून आपली बाटली काढून शेजारी धरली. काळपट मरून रंगाची. माझा ठिपका तिच्याशेजारी लग्नाच्या वरातीसारखा दिसत होता.

त्यांनी मशीन उघडलं आणि ब्लेडच्या दोन खुणा दाखवल्या, एकमेकींना लागून. तारेवर जे पातळ वार्निश असतं तेच एका वेढ्याला दुसऱ्या वेढ्यापासून वेगळं ठेवतं. मी शेजारशेजारच्या दोन वेढ्यांची कातडी सोललेली. वेढे एकमेकांना चिकटले आणि आतल्या आत पेटले.

"माज्याकडं मेलेल्या मशिनीची तार खरवडतात. जित्या मशिनीची नाय," त्या म्हणाल्या. मग, "तांबा बगत व्हतास?"

"हो."

"दिसला?"

"दिसला."

"मग पुन्ना कशाला खरवडलास?"

"वाटलं, एका ठिकाणी तांबं असेल आणि शेजारी दुसरं काही."

आता त्या हसल्या नाहीत. "एकाच तारेन दोन धातू?"

पंपवाला माणूस म्हणाला, "मावशी, द्या हाकलून. वर तोंड करून बोलतोय." मी पण तेच धरून चाललेलो. हाकलतील, आणि बरोबरच करतील. पिशवी उचललीसुद्धा.

"बस," त्या म्हणाल्या.

रिळावरची वीतभर तार तोडून त्यांनी माझ्या हातात दिली. "घे. खरवड, जाल, चाव, काय करायचा तो कर. मग सांग, हीच वापरू ना?" मी खरवडली. लाजेनं मान खाली घालून खरवडली, पण खरवडली. लाल होती.

मग त्यांनी जळलेली तार उपसून काढली आणि नवे वेढे घालायला घेतले. "मी गुंडालते, तू मोज. एक बी चुकला तर मशीन चालंल, पन टिकनार नाय." त्यांना मोजणीसाठी माझी काही गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यांची बोटंच मोजतात. मी मोजायला लागलो, पण नजर त्यांच्या हातांवर. तार बदलत तर नाहीत ना? सत्तरच्या आसपास त्या थांबल्या.

"किती झाले?"

"...चुकलो."

"चुकनारच. माजे हात बगतंस, वेढे नाय." आणि सगळं उलगडून त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. त्या वेळी मी वेढे मोजले. फक्त वेढे. त्या अख्ख्या वर्षात दुसऱ्याच्या हाताकडं न बघता मी तेवढा एकच तास बसलो असेन.

मिक्सरवाल्या बाईंना मावशींनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्या कुरकुरल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "बघ हां, माझा मिक्सर तुझ्यामुळं राहिला. उद्या चटणी पाट्यावर वाटायला तूच ये."

वेढ्यांवर वार्निश लावून मोटार बल्बखाली वाळायला ठेवली. मी ठाण्याला फोन करून खरं ते सांगितलं. मशीन मीच जाळलं, फसवलं कोणी नाही. मला वाटलं, गेलं काम. मग बाई म्हणाल्या, "बरं. उद्या ये."

सकाळी मशीन तयार होतं. मावशींनी मरून रंगाचा ठिपका लावला. मी खिशातली गुलाबी बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"राहू दे तुज्याकडं," त्या म्हणाल्या. "लग्नान कामाला येल."

कपाटं शनिवारी दुपारी वर गेली. एकेका कपाटाला मी लोंबकळून बघितलं. बाई म्हणाल्या, "उतर. माझे डबे तुझ्याइतके जड नाहीत." रविवारी मुलगा आला. त्यानं कपाटांची दारं उघडून-मिटून बघितली, बिजागऱ्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत तोच संशय होता. मी ओळखला. माझाच होता. पण ठेकेदाराला फोन गेला नाही. आता त्याच बिल्डिंगमध्ये माझं चौथं घर चालू आहे. ठेकेदार परवा स्टेशनबाहेर भेटला. "काय, दातानं पाडतोस का भोकं?" म्हणाला. मी पिशवीतलं मशीन दाखवलं. त्यानं ते हातात घ्यायला हात पुढं केला. मी दिलं नाही.

संशय गेलेला नाही. ती वीतभर तार अजून पाकिटात आहे, आणि कधी कधी, कसं सांगू, मी ती काढून परत बघतो.

मावशी ज्या टेबलावर काम करतात ते जुन्या शिलाई मशीनचं आहे. त्यांच्यासाठी फार बुटकं. दिवसभर मान खाली. संध्याकाळी उठताना त्या आधी जिन्याचा कठडा धरतात. मी वेढे मोजत होतो तेव्हा हे दिसत होतं, पण कळलं उशिरा. मागल्या महिन्यात गप्पा मारता मारता त्यांच्या कोपराची उंची टेपवर घेतली. टेप नवी आहे, आकडा हलणारा. त्यांनी विचारलं, "काय मोजतंस?" मी म्हणालो, "काही नाही."

लाकूड अजून मिळालेलं नाही. वखारीत तीनदा जाऊन आलो. प्रत्येक फळी वाजवून बघतो, टोकाला नखानं टोकरतो, प्लाय असेल तर मधे पोकळ तर नाही ना म्हणून कापलेली कड बघतो. वखारवाला म्हणतो, "घ्यायचं तर घ्या राव, फळीचं लग्न लावायचंय का?" हसू दे त्याला. तिथं मी संशय सोडणार नाही.

पण टेबल होणार. मावशींच्या कोपराइतकं उंच, रिळं लावायला उजवीकडं दांडा, ब्लेड आणि सुतासाठी उथळ ड्रॉवर, वरून दिवा. ते मी स्वतः खांद्यावरून जिन्याखाली आणून ठेवीन. आणि त्याच्या एकाही स्क्रूवर मी ठिपका लावणार नाही. मावशींना वाटेल तेव्हा त्यांनी ते खोलावं आणि आत काय भरलंय ते बघावं.